दोन बोटं कापा फक्त

उन्हात बसून केसांची टोकं डोळ्यांसमोर धरायची आणि फाटे शोधत बसायचं, याच्याइतका स्वस्त आणि वेळखाऊ छंद दुसरा नसेल. मोबाईल यायच्या आधीपासूनचा आहे हा. हॉस्टेलच्या गच्चीवर परीक्षेच्या दिवसांत निम्म्या मुली पुस्तक मांडीवर आणि वेणीचं टोक हातात अशा बसलेल्या असायच्या आणि मधेच एखादी ओरडायची, अगं हा बघ, याला तीन फाटेत! की बाकीच्या पुस्तकं टाकून बघायला. एकदा नजर बसली की मग थांबता येत नाही. साधा बेचक्याचा फाटा तर कोणालाही सापडतो, पण एकाच केसाला दोन्ही बाजूंनी बारीक बारीक काटे फुटलेले दिसले की आनंदच होतो, आणि तो टोकाच्या जरा वर पांढरा ठिपका असलेला केस, तो हलकंच ओढला की बरोब्बर ठिपक्यावर तुटतो. शिवाय फाट्याची दोन्ही तोंडं नखांत धरून वरपर्यंत सोलत न्यायची, हे करू नये असं सगळ्या सांगतात आणि सगळ्याच करतात. डॉक्टर लोक या प्रकाराला ट्रायकोप्टायलोसिस म्हणतात. एवढ्याशा टोकाला एवढं मोठं नाव.

मला यात खरी गंमत वाटते ती वयाची. केस महिन्याला साधारण सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला 12 ते 15 सेंटीमीटर. आता कमरेपर्यंत, समजा 75 सेंटीमीटर केस असतील तर मुळाशी दिसतो तो भाग या महिन्यातला आणि टोक 5-6 वर्षांपूर्वीचं. एवढी वर्षं एकाच वेळी डोक्यावरून लोंबत असतात! त्या टोकाने तितके पावसाळे काढलेले असतात, कोणाकोणाच्या लग्नातलं स्ट्रेटनिंग, बोअरचं पाणी, गाडीवरचा वारा, ओले केस पंचाने फटाफट झटकणं, सगळं. मुळाला यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून कोणी म्हटलं की माझे केस फार खराब झालेत, तर मला विचारावंसं वाटतं, कुठल्या सालातले?

केसाच्या बाहेरून पारदर्शक खवल्यांचे 6 ते 8 थर असतात, कौलारू घराच्या छपरावर कौलं एकावर एक चढवलेली असतात तसे, तोंड टोकाच्या दिशेला. त्यामुळे एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं नेली तर गुळगुळीत लागतं आणि उलटी नेली तर किंचित खरखरीत. आत्ता करून बघा, मी थांबते. तर वर्षानुवर्षं घासून घासून टोकाशी हे थर निघून जातात, आतले केराटिन नावाच्या प्रोटीनचे तंतू उघडे पडतात, सुटे होतात, झाला फाटा. आणि जिवंत भाग फक्त कातडीच्या आत, बाहेर दिसतो तो सगळा केस मेलेला, तेव्हा फाटा आपोआप सांधला जाण्याचा प्रश्नच येत नाही. बाटलीवर रिपेअर असं ठसठशीत लिहिलेलं असतं ना, त्यातलं सिलिकॉन ती दोन तोंडं पुढच्या न्हाण्यापर्यंत चिकटवून ठेवतं इतकंच. वाईट नाही ते, समारंभाला जायचं असेल तर मीही लावते, फक्त त्याला रिपेअर म्हणू नये एवढंच माझं म्हणणं.

माझे केस कुरळे. शाळेत तेल चोपडून दोन घट्ट वेण्या, वर काळ्या रिबिनी, तरी कानाजवळून बटा सुटायच्याच आणि बाई म्हणायच्या झिपऱ्या आवर गं. कुरळ्या केसांना फाटे जास्त का, तर टाळूचं तेल सरळ केसावरून आरामात खाली उतरतं आणि कुरळ्या केसाच्या वळणावळणांवर अडकून राहतं, टोकं कायम कोरडी, वर प्रत्येक वळण म्हणजे एक कमजोर जागा. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मिळाले ते सगळे सल्ले सरळ केसवाल्यांचे, रोज खसाखसा शंभर वेळा कंगवा फिरव वगैरे.

मला शिकवलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या व्हिडिओंनी. त्यांच्यात पिढ्यानपिढ्या केस सरळ करायला रिलॅक्सर लावायचे, त्यात बऱ्याचदा चक्क सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि ते सोडून आपले आहेत तसे केस ठेवायचं ठरवलं तर नोकरीत, शाळेत टोकाटोकी. इतकी की 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने क्राउन अ‍ॅक्ट नावाचा कायदाच केला, केसांच्या पोतावरून आणि वेण्यांवरून भेदभाव करायचा नाही म्हणून, आणि नंतर इतर राज्यांनीही. माझी काळी रिबीन त्यापुढे काहीच नाही, मान्य. पण केसांबद्दल त्या बायका ज्या बारकाईने बोलतात ना, तसं बोलणं मी आधी ऐकलंच नव्हतं. कुरळे केस कोरडे विंचरायचे नाहीत, ओले असताना भरपूर कंडिशनर लावून आधी बोटांनी गुंता सोडवायचा, आणि तोही टोकाकडून सुरुवात करून वर वर जायचं. झोपताना सॅटिनची टोपी नाहीतर उशीला सॅटिनचा अभ्रा. आणि माझ्या त्या गच्चीवरच्या टाइमपासला त्यांच्याकडे रीतसर नाव आहे, सर्च अँड डिस्ट्रॉय! बट वेगळी घ्यायची, पीळ द्यायचा, बाहेर डोकावणारी टोकं बघायची आणि फाट्याच्या थोडं वर, चांगल्या भागात कापायचं. हे वाचलं तेव्हा मला फारच प्रतिष्ठित वाटलं.

त्यांची प्रोटेक्टिव्ह स्टाइल म्हणजे टोकं आत लपतील अशी केशरचना. आता आमच्या आजीचा अंबाडा आठवा. सकाळी एकदा घातला की रात्रीपर्यंत टोकाला ना ऊन ना वारा. पुण्याच्या मुली गाडीवर डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधतात त्याची आपण इतकी चेष्टा केली पण टोकं आत खोचली असतील तर केसांसाठी ते उत्तमच आहे, फक्त कापड सुती असेल तर मानेपाशी घासतं. पण म्हणून आजीचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. न्हाऊन झालं की ओल्या केसांना तीच पंचाचे फटके मारायची आणि ओला केस सगळ्यात नाजूक, ताणला जातो आणि तुटतो. वर बारीक दातांची फणी. असो.

खोबरेलाच्या बाबतीत मात्र ती जिंकली. 2003 साली मुंबईत मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल अशी तिन्ही केसांवर लावून बघितली, तर धुताना केसातलं प्रोटीन जातं ते लक्षणीय कमी केलं फक्त खोबरेलाने, कारण त्यातलं लॉरिक अ‍ॅसिड लहान आणि सरळ असल्यामुळे केसाच्या आत शिरतं, बाकीची वरवर बसतात. आता खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा अभ्यास खोबरेलाच्या बाजूने लागला म्हणून हसायचं तर हसा, मी हसलेच. पण आदल्या रात्री टोकांना तेल चोळून दुसऱ्या दिवशी न्हायचं हे करून फरक पडतो, माझा तरी अनुभव आहे. झालेला फाटा जात नाही, नवे कमी होतात.

झालेल्याला कात्रीच. आणि तिथे येतं पार्लर. खुर्चीत बसल्या बसल्या ताई एक बट उचलते, चेहरा गंभीर करते आणि म्हणते, मॅम किती स्प्लिट एंड्स झालेत, केराटिन ट्रीटमेंट करून घ्या. नको म्हटलं, दोन बोटं कापा फक्त. दोन बोटं म्हणजे आडवी दोन बोटं हे जगात सगळ्यांना माहीत आहे पण पार्लरमध्ये ती उभी धरतात. घरी आल्यावर कोणीतरी म्हणतंच, बरं झालं, आता भराभर वाढतील, पौर्णिमेला कापायला हवे होते पण. खालून कापल्याचं वर मुळाला कळणार कसं? वाढायचे त्याच वेगाने वाढतात, टोकं तुटत नाहीत म्हणून लांबी टिकते, वाढल्यासारखे वाटतात.

त्यापेक्षा मी घरीच कापते, एक एक फाटा बघून. त्याला कात्री मात्र धारदार पाहिजे, बोथट कात्री केस कापत नाही, चेंगरते, आणि तिथे नवीन फाटा तयार. म्हणून चांगली महागातली केसांची कात्री आणली, घरात सगळ्यांना बजावून सांगितलं, हिला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुधाची पिशवी कापलेली होती. मग कुरियरचा बॉक्स. मग कोणीतरी शाळेच्या प्रोजेक्टचा थर्माकोल, त्याचे पांढरे कण पात्याला तसेच. आता दुसरी आणलीये आणि ती कुठे ठेवलीये ते इथे लिहिणार नाही, घरचे वाचतात.