मेंदी आणि लुंगबर्ग
आज संध्याकाळी शिवाजी पार्कात पावसात फुटबॉल खेळणारा एक पोरगा दिसला. केस लालभडक, आणि तो रंग ओघळून कॉलरवर उतरलेला. एकदम फ्रेडी लुंगबर्ग आठवला!

२००२ च्या एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेच्या फायनलला आर्सेनलचा लाल केसांचा हा स्वीडिश मिडफिल्डर चेल्सीच्या बचावाला झुलवत धावला आणि उजव्या पायानं बॉल असा वळवून मारला की बस्स. लगोलग मी आईची मेंदी डोक्यावर थापली. केस लाल व्हायचे ते झाले भगवे. आजी म्हणाली, "वारीला निघालास काय रे?"

२००३-०४ च्या इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये एकही सामना न हरलेल्या आर्सेनलमध्येही तो होता. गोल स्ट्रायकर थिएरी हेन्रीच्या नावावर जायचे, पण मधून गुपचूप बॉक्समध्ये घुसणारा हाच. मला तोच जास्त आवडायचा.

आणि २०१४ मध्ये पहिल्या आयएसएलला, म्हणजे इंडियन सुपर लीगला, हा माणूस चक्क मुंबई सिटीकडून खेळायला आला! वय ३७, खेळाडू म्हणून शेवटचा क्लब. हार्बर लोकलला लोंबकळत नेरूळला मॅच बघायला गेलो, तर त्या दिवशी साहेब खेळलेच नाहीत.

त्या पोराला विचारलं, लुंगबर्ग माहितीये?

"कोण काका?"