नेट मीटर येईपर्यंत

छतावर सोलर बसवणं अवघड नाही. पोर्टलवर अर्ज, व्हेंडर, गच्चीवर लोखंडी सांगाडा, पॅनल, इन्व्हर्टर (बॅटरीवाला नव्हे, पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा), अर्थिंग, सगळं भराभर उरकलं. घोडं अडलं ते नेट मीटरपाशी, म्हणजे कंपनीकडून घेतलेली आणि आपण बाहेर पाठवलेली वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरपाशी.

सिस्टीम ३ किलोवॅटची. आपल्याकडे किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, म्हणजे रोजची १२. ऐन उन्हाळा, आणि स्विच बंद! कारण नेट मीटर लागेपर्यंत चालू करायचं नाही. त्यात तथ्य आहे. जुन्या डिजिटल मीटरपैकी अनेकांना विजेची दिशा कळत नाही. आपण बाहेर पाठवलेलं युनिटही ते वापरातच धरतात आणि बिल कमी व्हायचं सोडून वाढतं.

पण मीटर मिळावा तरी! २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट नाही, आणि वीज कंपनीने तिच्याकडचं काम १५ दिवसांत संपवायचं आहे. कार्यालयात मात्र आधी "स्टॉक नाही", मग "टेस्टिंगला गेलाय", मग "साहेब साइटवर आहेत". एकदा तर टेबलापलीकडून ऐकवलं, "काका, एवढी काय घाई? सूर्य कुठं पळून चाललाय?"

सूर्य नाही पळत हो, पण आजचं ऊन उद्या वापरता येत नाही. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हे शाळेत पाठ केलेलं. मग माझी १२ युनिटं जात कुठं होती? पॅनल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं, बाकीची बहुतेक उष्णता होते. स्विच बंद असला की तो पाचवा हिस्साही उष्णतेतच जमा. म्हणून बंद पॅनल चालू पॅनलपेक्षा जास्त तापतं. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे रोज चार कोटींहून जास्त ज्यूल खर्चून मी गच्चीवरची हवा तापवत होतो, आणि खाली पंखा विकतच्या विजेवर.

शेवटी लेखी तक्रार दिली, पोच घेतली, आणि मीटर हलला. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका, पहिल्याच खेपेला आवक क्रमांक मागा.

हो, सबसिडीचं राहिलंच. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात, पण पॅनल देशी बनावटीच्या सेलचेच हवेत. व्हेंडरकडून तसं लिहून घ्या. वीजबिल, आधार आणि बँकखात्यावरचं नाव आधीच जुळवून ठेवा.

मे महिन्यात आकडा थोडा कमी दिसला तर घाबरू नका. पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. पॅनल सकाळीच धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. शिल्लक युनिटं पुढच्या बिलात वळती होतात, पण मार्चअखेर हिशेब मिटतो. तेव्हा मार्चचं बिल नीट वाचा.

आणि लाइट गेली की आपलाही लाइट जातो, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. बॅटरीविना "आता लोडशेडिंगची चिंता नाही" असं सांगणाऱ्या व्हेंडरला दारातूनच परत पाठवा.