कोणत्या आकड्याला खणायचे?

मेटल डिटेक्टर नव्यानेच हाती घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. यंत्राच्या पडद्यावर 0 ते 99 किंवा तत्सम पट्टीवरचा एक आकडा उमटतो, सोबतच्या पुस्तिकेत कोणता आकडा कोणत्या वस्तूचा याचा तक्ता असतो, आणि तक्ता पाहिला की निर्णय झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा आकडा नेमका कशाचा, हे समजल्याखेरीज त्या तक्त्याचा उपयोग होत नाही, आणि समजल्यावर त्याची फारशी गरज उरत नाही.

छंद म्हणून वापरली जाणारी बहुतेक यंत्रे व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेच्या पद्धतीची असतात. कॉइलमधले, म्हणजे दांड्याच्या टोकाशी असलेल्या तबकडीतले, एक वेटोळे सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात गोल फिरणारे लहान विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात, ते आपले स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार करतात, आणि कॉइलमधले दुसरे वेटोळे ते टिपते. सोडलेल्या आणि परत आलेल्या लहरींत जे थोडेसे मागेपुढे होते, त्याला फेज शिफ्ट म्हणतात आणि पडद्यावरचा आकडा मुख्यतः त्यावरूनच काढलेला असतो. उत्तम वाहक, जाड आणि अखंड वस्तूत प्रवाह अधिक काळ टिकतो, म्हणून आकडा वर जातो. पातळ किंवा कमी वाहक वस्तूत तो लगेच विरतो आणि आकडा खाली राहतो. लोखंड मुळात चुंबकीय असल्यामुळे त्याचा प्रतिसाद निराळा असतो आणि त्याची जागा पट्टीच्या तळाशी ठरवलेली असते. याचा अर्थ असा की धातूची वाहकता, वस्तूचा आकार, तिची जाडी आणि जमिनीत ती कशी पडली आहे, या सर्वांची बेरीज त्या एका आकड्यात झालेली असते, आणि ती बेरीज उलगडून दाखवणे यंत्राला शक्य नसते.

सोन्याची अंगठी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. शुद्ध सोने चांदी आणि तांब्याच्या खालोखाल उत्तम वाहक आहे, त्यामुळे सोन्याचा आकडा वरचा असणार असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दागिन्यांतले सोने मिश्रधातू असते. 18 कॅरटमध्ये 75 टक्के सोने आणि बाकी बहुतेक वेळा चांदी-तांबे असते. हे तिन्ही धातू सुटे असताना उत्तम वाहक असले, तरी एकत्र वितळवल्यावर त्यांची वाहकता शुद्ध सोन्याच्या मानाने पुष्कळच घटते. त्यात अंगठी लहान आणि बारीक असली, तर तिचा आकडा नेमका चुरगळलेली ॲल्युमिनियम फॉइल आणि पेयांच्या डब्यांवरच्या ओढायच्या कड्या यांच्याच पट्ट्यात येऊन बसतो. या कड्या नकोत म्हणून तो पट्टा यंत्रात गाळून टाकणारा माणूस त्याच क्षणी बहुतेक अंगठ्यांवरही पाणी सोडत असतो. हा सौदा कोणी जाणीवपूर्वक केला तर त्याला माझा आक्षेप नाही. तो नकळत केला जातो, हे मात्र मला खटकते.

आकाराचा परिणाम तर याहूनही चकवणारा असतो. अखंड वळ्यात प्रवाहाला फिरायला पूर्ण वाट मिळते, म्हणून ते खणखणीत बोलते. तेच वळे एका जागी तुटले की वाट खंडित होते आणि आकडा लक्षणीयरीत्या घसरतो, धातू मात्र तोच आणि तेवढाच असतो. बारीक साखळीचे त्याहून वाईट, कारण यंत्राला ती साखळी म्हणून दिसतच नाही. दिसतात त्या सुट्या सुट्या इवल्या कड्या. कित्येकदा साखळीचा फासा तेवढा सिग्नल देतो.

म्हणून आकड्यापेक्षा मी सिग्नलचे वागणे पाहते, म्हणजे दिशा, उंची आणि वेग बदलल्यावर तो तसाच राहतो की रूप पालटतो, हे तपासते. सिग्नल मिळाला की प्रथम कॉइलचा फेरा आखूड करायचा आणि तिचे मध्य त्या जागेवर आणायचे. मग स्वतः त्या जागेभोवती 90 अंश फिरून आडव्या दिशेने पुन्हा कॉइल फिरवायची. नाणे किंवा अंगठी सपाट पडलेली असेल, तर दोन्ही दिशांनी टोन, म्हणजे यंत्राचा आवाज, सारखाच येतो, त्याच्या कडा स्वच्छ असतात आणि आकडा फार तर एकदोन घरे इकडेतिकडे होतो. गंजलेला खिळा एका दिशेने उंच, गोड टोन देतो, आकडाही मोहात पाडणारा दाखवतो. वळून पाहिले की तोच खिळा गुरगुरतो, म्हणजे लोखंडाचा खालचा टोन देतो, किंवा टोन तुटक होतो आणि आकडा पट्टीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उड्या मारतो. यानंतर पिनपॉइंटचे बटण दाबून ठेवायचे. या अवस्थेत यंत्र धातूंत भेद करत नाही, केवळ सर्वांत जोरदार प्रतिसादाची जागा सांगते. उंच टोन जिथे ऐकू आला होता, त्याच जागी हा जोर असेल तर चांगले लक्षण. तो बाजूला सरकलेला असेल, तर उंच टोन बहुधा लोखंडाच्या टोकाने निर्माण केलेला आभास असतो.

पिनपॉइंटचा दुसरा उपयोग आकारमान जोखण्यासाठी होतो, आणि त्याकडे दुर्लक्ष होते असे माझे निरीक्षण आहे. कॉइल हळूहळू चारही बाजूंना सरकवून आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो हे पाहिले, की वस्तूचा पसारा मनात उभा राहतो. नंतर कॉइल जमिनीपासून वीतभर उचलावी. नाण्याएवढ्या वस्तूचा आवाज लगेच मावळतो. जो आवाज उचलल्यावरही ठाम राहतो, त्याखाली बहुधा डबा, पत्रा किंवा तत्सम मोठे काहीतरी असते. पडद्यावरच्या खोलीच्या अंदाजावरही यामुळे थोडा अंकुश राहतो, कारण तो अंदाज वस्तू नाण्याएवढी आहे असे गृहीत धरून केलेला असतो, आणि खोलवर पडलेला मोठा डबा यंत्राला उथळ नाण्यासारखा भासतो.

बाटलीच्या पोलादी झाकणाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण खिळ्याला ओळखायला शिकलेले लोकही इथे हमखास फसतात. झाकण लोखंडाचे असले तरी गोल आणि सपाट असते, त्यामुळे त्यात प्रवाह नाण्यासारखाच फिरतो आणि यंत्र त्याला चांगल्या धातूंच्या पट्ट्यात बसवते. दोन्ही दिशांनी तपासले तरी ते पुष्कळदा सारखेच बोलते, म्हणजे वरची कसोटी इथे अपुरी पडते. अशा वेळी कॉइल डावी-उजवीकडे आखूड फिरवत ठेवून हळूहळू आपल्याकडे ओढावी, जेणेकरून वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाखालून बाहेर सरकत जाईल. नाण्याचा टोन क्षीण होत होत संपतो, पण त्याचा सूर बदलत नाही. झाकणाचा टोन संपता संपता फाटतो, आकडा कोसळतो आणि शेवटच्या बोटभर अंतरात लोखंडाची गुरगुर कानी येते. ही युक्ती यंत्रागणिक आणि कॉइलगणिक कमीअधिक लागू पडते, त्यामुळे एखादे झाकण जमिनीवर ठेवून आधी तिचा सराव करावा.

खोलीबरोबर हे सारे अवघड होत जाते, आणि ते किती झपाट्याने होते याची कल्पना नसेल तर मनात उगाच अपेक्षा वाढतात. कॉइलचे क्षेत्र जाताना विरळ होते आणि वस्तूचे क्षेत्र येताना विरळ होते. लहान वस्तू कॉइलच्या मानाने दूर असेल, तर परतणारा सिग्नल साधारणपणे अंतराच्या सहाव्या घाताने घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की तो जवळपास 64 पटींनी क्षीण होतो. उलट मातीतल्या मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांचा प्रतिसाद कॉइलला चिकटूनच असतो आणि तो काही कमी होत नाही. परिणामी खोल वस्तूच्या सिग्नलमध्ये मातीचा वाटा वाढत जातो, आकडा डळमळतो आणि पुष्कळदा लोखंडाकडे झुकतो. कॉइल वरखाली करून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा प्रतिसाद वगळण्याची जुळणी, नीट जुळवला तर यातला बराचसा गोंधळ आवरता येतो, जमिनीचा पोत बदलला की तो पुन्हा जुळवावा लागतो, आणि तरीही सीमेवरच्या सिग्नलांना आकड्याचा आधार उरत नाही. तिथे कानच कामी येतात. उथळ कचरा मोठ्याने आणि आगाऊपणे बोलतो. खोल नाणे दबक्या, पण गोल आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येणाऱ्या आवाजात बोलते. अशा वेळी आकडा चुकीचा वाटला तरी मी खणते, कारण कुजबुजणारा पण ठाम सिग्नल ही खोलीची खूण असते, आणि उथळ थरातला हल्लीचा कचरा तेवढ्या खोल सहसा गेलेला नसतो.

शेजारच्या लोखंडाने चांगला सिग्नल झाकून टाकणे, ही या सगळ्यातली सर्वांत जुनी अडचण आहे. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी वेटोळी आणि टेलिफोनचा रिसीव्हर वापरून एक उपकरण तयार केले. गोळी जवळ आली की कानात आवाज उमटावा अशी त्याची रचना होती. प्रत्यक्ष रुग्णशय्येशी मात्र त्यांना सुस्पष्ट जागा मिळेना, कारण गादीखाली पोलादी तारांची जाळी होती. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे अशी मुख्य डॉक्टरांची ठाम समजूत असल्याने शोधही त्याच बाजूला घेतला गेला. 19 सप्टेंबरला गारफिल्ड यांचे निधन झाले आणि शवविच्छेदनात गोळी पाठीच्या कण्याच्या डावीकडे आढळली. एक अडथळा लोखंडाचा आणि दुसरा पूर्वग्रहाचा. आजच्या यंत्रांवरही हे दोन्ही तितकेच लागू आहेत.

पहिल्या अडथळ्यावर काही उपाय आहेत. खिळ्यांनी भरलेल्या जमिनीत लहान कॉइल वापरली, तर एका वेळी कमी वस्तू तिच्याखाली येतात. यंत्रात रिकव्हरी स्पीड वाढवण्याची सोय असेल, तर एका सिग्नलमधून सावरून ते दुसऱ्याला लवकर दाद देते, मात्र त्यात थोडी खोली गमवावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोखंड पूर्ण मुके करू नये. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते आकडे गाळण्याची सोय, लावून लोखंडाचा आवाज बंद केला की कानाला शांतता मिळते, पण खिळ्याशेजारचे नाणे त्या शांततेत सहज गिळले जाते. लोखंडाला हलका, खालचा टोन देऊन ऐकू येत ठेवले, तर दोन गुरगुरींच्या मधून एखादा उंच टोन निसटलेला कळतो, आणि तो एकाच दिशेने आला तरी तिथे थांबून कॉइल सावकाश, अगदी आखूड फिरवून पाहावीशी वाटते. खिळ्याच्या फसव्या टोनशी याची गल्लत होणार हे उघड आहे. पुष्कळ लोखंड असलेल्या जुन्या वस्तीच्या जागी मी ती गल्लत पत्करते, गवताळ मैदानावर पत्करत नाही.

कारण खणण्याचा निर्णय शेवटी जागेवरून ठरतो. कोरड्या वाळूत चाळणीचा एक फटका पुरतो, तिथे आकड्यांची चिकित्सा करत बसण्यापेक्षा लोखंड सोडून सारे उपसणे सोपे. ओल्या खाऱ्या वाळूत मीठच वाहक असल्यामुळे एकाच वारंवारतेची यंत्रे बेचैन होतात आणि तिथल्या आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नसतो. राखलेल्या हिरवळीवर प्रत्येक खड्डा मालकाच्या नजरेत भरतो, म्हणून तिथे दोन्ही दिशांना ठाम राहिलेलेच सिग्नल घ्यावेत. जमीनमालकाची परवानगी आणि प्राचीन अवशेषांविषयीचा स्थानिक कायदा हे प्रश्न यंत्र सुरू करण्याआधी सुटलेले असावेत. आणि जिथे कधी युद्ध किंवा लष्करी सराव झाला असेल, तिथे मोठा, खोल, लांबट सिग्नल न छेडलेलाच बरा.

पूर्वग्रहाच्या अडथळ्यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. खणण्याआधी अंदाज मोठ्याने बोलायचा: धातू कोणता, आकार केवढा, खोली किती. सिग्नल चांगला असला तरच नव्हे, वाईट असला तरी अधूनमधून मुद्दाम खणायचे, कारण सोडून दिलेल्या सिग्नलांखाली काय होते हे कळल्याशिवाय सोडण्याची कसोटी बरोबर आहे की नाही, हे तपासण्याचा दुसरा मार्ग नाही. यंत्र बदलले की हा सराव पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, कारण प्रत्येक उत्पादकाची पट्टी वेगळी असते आणि एकावर ओळखीचा झालेला आकडा दुसऱ्यावर परका ठरतो.

वस्तू बाहेर काढल्यावर खड्डा पुन्हा तपासण्याचे काम बरेच जण टाळतात. खणता खणता सिग्नल एकाएकी नाहीसा झाला, तर तो बहुधा कुजलेल्या लोखंडाभोवतीच्या गंजलेल्या मातीचा होता आणि ती माती विस्कटल्यावर विरला. किंवा नाणे कडेवर उभे राहिले आहे आणि त्याची पातळ बाजूच आता कॉइलला दिसते आहे. म्हणून उपसलेल्या मातीच्या ढिगावरूनही कॉइल फिरवावी. खिळा निघाला असेल तर खड्ड्यावरून दोन्ही दिशांनी ती सावकाश न्यावी, कारण त्याने झाकलेले काही असेल तर ते आताच ऐकू येण्याची शक्यता असते. काहीच ऐकू आले नाही, तर माती परत भरून, वरची हिरवळ दाबून बसवावी आणि खिळा पिशवीत टाकावा, नाहीतर पुढच्या वेळी तोच पुन्हा गोड टोन देऊन थांबवील.