बंद झालेलं दुकान बघायला, रूट ४६

बाबांची ही अमेरिकेची तिसरी खेप. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, लिबर्टीबाईचं दर्शन तर दोनदा. आईला यंदा गुडघ्यांनी मिरजेतच अडवलं, म्हणून एकटे आलेले. दाखवायची यादी संपली होती. एप्रिलमधल्या एका रविवारी मी म्हटलं, "बाबा, आज एक दुकान बघायला जाऊ."

"काय घ्यायचंय?"

"काही नाही. दुकान २००९ सालीच बंद झालंय."

त्यांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने स्वेटर घालायला गेले.

दुकानाचं नाव होतं ‘फाउंटन्स ऑफ वेन’. न्यू जर्सीतल्या वेन गावात, रूट ४६ च्या कडेला. बागेत ठेवायची कारंजी, पुतळे, अंगणातल्या खुर्च्या असला माल. नाताळात तिथे देखावे मांडत आणि लोक पोराबाळांना घेऊन बघायला येत, आपल्याकडे गणपतीत येतात तसे. याच दुकानाचं नाव दोन दोस्तांनी आपल्या बँडला दिलं. उद्या पुण्यात कुणी आपल्या वाद्यवृंदाचं नाव ‘हडपसर सॅनिटरीवेअर’ ठेवावं, तसंच हे. मी २००६ मध्ये इथे आलो, म्हणजे तीन वर्षं ते दुकान जाता-येता डोळ्यांसमोर होतं. एकदाही आत पाय टाकला नाही. बँडचं वेड लागलं तोवर दुकानाला कुलूप लागलं होतं.

आमच्या एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे हा महामार्ग धरला. थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठं, गाडीत त्यांची गाणी. वाटेत मॉन्टक्लेअरची पाटी आली. अ‍ॅडम श्लेसिंजर तिथे वाढला. दुसरा दोस्त, क्रिस कॉलिंगवूड, पेनसिल्व्हेनियातला. दोघांची गाठ विल्यम्स कॉलेजात पडली.

"हे कुठल्या पद्धतीचं गाणं?" बाबांनी विचारलं.

पॉवर पॉप, मी सांगितलं. हा शब्द ‘द हू’ या इंग्लिश बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्ये वापरला. बीटल्ससारखी गोड चाल आणि एकमेकांत मिसळलेले आवाज, पण गिटार करकरीत, ड्रम जोरात, आणि तीन-साडेतीन मिनिटांत खेळ खलास. सत्तरच्या दशकात बिग स्टार, चीप ट्रिक अशा बँडवाल्या मंडळींनी हा वसा घेतला. नव्वदीत सगळीकडे खिन्न, घोगरी गाणी चालू असताना हे दोघं मागे वळून साठीतल्या चालींकडे बघत बसले.

"मुखडा लगेच येतोय," बाबा म्हणाले. "ताणत नाहीत उगाच." आमचं घर सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी. बाबा बँकेतून निवृत्त झाले असले तरी कान त्या गल्लीतच तयार झालेत. पॉवर पॉपची यापेक्षा नेमकी व्याख्या मी तरी वाचलेली नाही.

रूट ४६ वर मात्र फजिती झाली. हा रस्ता थांबून काही बघण्यासाठी केलेलाच नाही. मध्ये कठडा, दोन्ही बाजूंना गाड्यांची, गाद्यांची, फर्निचरची दुकानं, आणि मागचा ट्रक भोंगा वाजवतोय. त्यात न्यू जर्सीची खोड अशी की बऱ्याच ठिकाणी डावीकडे जायचं तर आधी उजवीकडे बाहेर पडून सुरईच्या कानासारखं वळण घ्यायचं. दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला मी "इथेच कुठेतरी होतं" म्हणून हात केला, बाबांनी तिकडे बघून मान डोलावली, आणि आम्ही ताशी पन्नास मैलांनी पुढे निघून गेलो. दर्शन झालं. विलोब्रुक मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी लावून थालीपीठं खाल्ली.

तिथे बाबांना पुढची कथा सांगितली. बँडचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९९६ चा, बहुतेक सगळी वाद्यं या दोघांनीच वाजवलेली. गिटारवाला जोडी पोर्टर आणि ड्रमर ब्रायन यंग नंतर आले. त्याच ऑक्टोबरात टॉम हँक्सचा ‘दॅट थिंग यू डू!’ लागला. सिनेमात १९६४ मधला एक काल्पनिक बँड आहे, त्याचं एकच गाणं गाजतं आणि मग सगळं विरतं. ते एक गाणं श्लेसिंजरने लिहिलं. खरंच १९६४ चं वाटलं पाहिजे, आणि सिनेमाभर पुन्हा पुन्हा वाजलं तरी प्रेक्षकाला वीट येता कामा नये, असं ते अवघड काम. त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

आणि मग त्याच्या स्वतःच्या बँडचंही तेच झालं! १९९९ चा ‘यूटोपिया पार्कवे’ हा अल्बम समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण खपला नाही आणि मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी असलेला संबंध संपला. २००३ मध्ये तिसऱ्या अल्बमवरचं ‘स्टेसीज मॉम’ बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २१ व्या क्रमांकापर्यंत चढलं. पहिल्या अल्बमनंतर सात वर्षांनी त्यांना ग्रॅमीचं नामांकन मिळालं, तेही ‘सर्वोत्कृष्ट नवोदित’ म्हणून.

"कशावर आहे ते गाणं?"

"एका मुलाला... मैत्रिणीची आई आवडते."

बाबांनी चहाचा घोट घेतला. "पुढचं लाव."

मला ते गाणं आवडत नाही असं नाही. पण त्याच्या सावलीत बाकीची गाणी झाकली गेली याचा राग आहे. सेल्समन, कचेरीत अडकलेली माणसं, महामार्ग यांच्यावर एवढ्या मायेने कोण लिहितं?

त्यातलंच एक हॅकेनसॅक गावावरचं, म्हणून तिकडे निघालो. तिथे पोचलो तेव्हा रस्ते ओस पडले होते. इथे, म्हणजे बर्गन काउंटीत, रविवारी कपडे, फर्निचर असलं काही विकायला अजूनही बंदी आहे. कोर्टाचा घुमट बघितला आणि नदीकडे गेलो. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलात आलेली ‘लिंग’ ही पाणबुडी चिखलात रुतून पडलीये. संग्रहालय बंद, कुंपणाला कुलूप. बँडचं ‘हॅकेनसॅक’ नावाचं गाणं आहे: शाळेतली एक मुलगी सिनेनटी झालीये, आणि गाणारा वडिलांच्या हाताखाली काम करत गावातच तिची वाट बघतोय. त्या पाणबुडीसमोर ते गाडीत लावलं. बाबा पूर्ण ऐकेपर्यंत काही बोलले नाहीत.

"चाल कुणाची? दोघांतल्या कुणाची?"

ते नक्की सांगता येत नाही, मी म्हटलं. बहुतेक गाणी दोघं वेगवेगळी लिहायचे, पण नाव कायम दोघांचं लागायचं. पुढे दुरावा आला. २०११ मध्ये ‘स्काय फुल ऑफ होल्स’ हा अल्बम आला. आभाळाला भोकं हे शीर्षक जरा जास्तच खरं ठरलं, कारण नंतर दोनेक वर्षांत बँड थांबला.

"शंकर-जयकिशन," बाबा म्हणाले. "तिथेही चाली वेगळ्या आणि पाटी एक. मग फाटलं. पण एकाहत्तरला जयकिशन गेला, तरी शंकरने पाटी नाही बदलली."

श्लेसिंजर १ एप्रिल २०२० ला कोविडने गेला. वय ५२. त्या महिन्यात आमच्या एडिसनमध्ये रात्रभर रुग्णवाहिकांचे आवाज असायचे. बाबा मिरजेत जवळच्या इस्लामपूरमधल्या कोविडच्या बातम्यांनी धास्तावलेले, दिवसातून दोनदा फोन. २२ एप्रिलला न्यू जर्सीसाठी निधी गोळा करायला टीव्हीवर कार्यक्रम झाला. बँडचे उरलेले तिघं आपापल्या घरून वाजवायला बसले. बास गिटारवर श्लेसिंजरच्या जागी गायिका शॅरन व्हॅन एटन होती. गाणं हेच, हॅकेनसॅक. ते मी स्वयंपाकघरात उभ्याने बघितलं होतं. बाबांना हे पहिल्यांदाच सांगत होतो.

"चल, ऊन उतरायला लागलं," ते म्हणाले.

शेवटचा टप्पा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला. जॉर्ज वॉशिंग्टन पूल (टोल फक्त तिकडे जाताना, याचा बाबांना फार आनंद), मग ब्रॉन्क्समधली कोंडी, मग व्हाइटस्टोन पूल. यूटोपिया पार्कवे हा खराखुरा रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यूटोपिया, म्हणजे आदर्श नगरी, अशा नावाच्या कंपनीने मॅनहॅटनच्या दाटीतल्या ज्यू कुटुंबांसाठी इथे वसाहत बांधायची ठरवली. पैसा उभा राहिला नाही, नाव तेवढं राहिलं. आता दोन्ही बाजूंना विटांची नीटनेटकी घरं, आणि त्यांच्यासमोर गाड्याच गाड्या. पाटीचा फोटो काढायला मिनिटभर थांबावं म्हटलं, तर अर्ध्या तासात जागा मिळाली नाही. शेवटी बाबांनी चालत्या गाडीतून काढला. त्यात खांब आलाय.

भूक लागली म्हणून फ्लशिंगच्या गणपती मंदिरात गेलो. तिथल्या तळघरातल्या कँटीनचा डोसा पुण्यातल्या डोशाला भारी आहे, हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात आईचा फोन आला, तिकडे पहाट झाली होती. आज काय काय बघितलं, तिने विचारलं.

"यूटोपियाला जाऊन आलो," बाबा चटणी संपवत म्हणाले. "पार्किंग मिळत नाही तिथे."