तुम्ही विचारलंत म्हणून: मागची भिंत

"बाई, वर्गाच्या तीन भिंती एवढ्या भरलेल्या, मग मागचीच तेवढी कोरी का?" हा प्रश्न शिक्षण परिषदेत येतो, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत येतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढपी भात घेऊन उभा असताना आला. त्याच्या आधीचा प्रश्नही ठरलेला: "हे सगळं करायला खर्च किती येतो हो?" आजवर दोन्हींना मी "काही नाही, असंच" म्हणून टोलवलं. आता एकदाच काय ते सांगते.

खर्चाचं आधी उरकू. सर्व शिक्षा अभियान होतं तेव्हा शिक्षकामागे वर्षाला ५०० रुपये साहित्यासाठी मिळायचे. ते गेले. आता तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान. त्यात लाइटबिल, खडू, झाडू, फिनेल, नळाची तोटी. सजावटीला काय उरतं ते शाळेतल्या माणसाला सांगायला नको. म्हणून मी विकत आणते ते फक्त सुतळी, कपड्यांचे चिमटे, थोडा घोटीव कागद आणि ब्राउन पेपर. बाकी गाव देतं. खताचं पोतं उसवून, धुऊन, आतली पांढरी बाजू वर घेऊन लाकडी पट्टीवर ताणलं की फलक झाला. जुन्या साडीचा काठ त्याची किनार. टाचणीऐवजी बाभळीचा काटा, पण तो माझ्या हातानं आणि पोरांच्या डोक्याच्या वर. पुण्यातली मैत्रीण हे ऐकून दचकली होती. कॅलेंडरच्या तारखा कापल्या की १ ते ३१ ची अंककार्डं फुकट. लग्नपत्रिकेचा कागद शब्दपट्ट्यांना एक नंबर, फक्त त्यावरच्या गणपतीला पोरं कात्री लावत नाहीत. माझ्याकडे अशा गणपतींचा एक डबाच साठलाय. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. उंदीर-झुरळं लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी, त्यामुळे तसली खळ मी घरून करून आणते आणि पोरांचा हात तिला लागू देत नाही. माण तालुक्यात होते तेव्हा धनगरवाड्यावरून लोकर यायची. पुठ्ठ्यावर लोकरीचा 'म' चिकटवला की पहिलीतली पोरं डोळे मिटून बोटानं गिरवत बसायची. त्यासारखी अक्षरओळख मला दुसऱ्या कशानं करता आली नाही.

आणि उंची. पहिली-दुसरीच्या पोराला दिसायचं असेल तर जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर लावा. त्याच्या वर लावलेलं सगळं साहेबांसाठी असतं.

हे मी आज शहाणपणानं सांगतेय. मीच साहेबांसाठी लावायचे. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा आपल्या साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या यायच्या. मीही गेले. तिथली पोरं जमिनीवर बसून आपली आपण शिकत होती, एकमेकांना विचारत होती. ते बघून मी परत येताना काय आणलं? ऑइलपेंटचे चार डबे. महिनाभरात माझ्या वर्गाची फरशी रंगली, खिडकीच्या गजांवर पाढे चढले, दारावर कोनमापक आलं. वर्गाचे फोटो तालुकाभर फिरले. शिकवायची पद्धत मात्र आधीचीच, हातात छडी नव्हती एवढंच. थर्माकोलचे किल्ले, थर्माकोलचं सूर्यकूल, २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मी अक्षरशः हळहळले होते.

तरी त्या वर्गाला मी नावं ठेवणार नाही. सकाळी कुलूप काढलं की पोरं पळत आत यायची. घरी पत्र्याची एक खोली, त्यात शेळीसुद्धा, अशा पोराला रंगीत वर्गात बसावंसं वाटतं यात वाईट काय आहे? हल्ली 'भिंती बोलक्या नकोत, मुलं बोलकी हवीत' असं म्हणायची पद्धत पडलीय. म्हणणाऱ्यांनी ओल आलेल्या भिंतीकडे तोंड करून सहा तास बसून बघावं.

आता मागच्या भिंतीचं.

७ नोव्हेंबर आपल्याकडे विद्यार्थी दिवस. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेब साताऱ्यात राजवाड्यातल्या हायस्कुलात दाखल झाले, तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. तिथल्या रजिस्टरात १९१४ क्रमांकापुढे 'भिवा' अशी नोंद आहे. दर वर्षी आपण फोटोला हार घालतो, दोन भाषणं होतात, खाऊ वाटतो. २०२२ ला माझ्या डोक्यात आलं की माणातली आपली शाळाही जुनी आहे, कोण कधी शाळेत आलं आणि कधी गेलं याची दाखलखारीज रजिस्टरं कपाटात पडून आहेत, पोरांनी त्यात आपापल्या आजोबांचा क्रमांक हुडकावा आणि तो फलकावर लावावा. खर्च किती, तर दहिवडीहून आणलेल्या झेरॉक्सचा. माझ्या सगळ्या नोकरीतली सगळ्यात चांगली कल्पना होती ती. आजही तसंच वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

पंधरा दिवस पोरं कपाटाला चिकटून होती. पिवळी पानं, तपकिरी शाई, मोडी वळणाचा 'स'. चौथीच्या ज्या पोरानं वर्षभरात एक धडा सरळ वाचला नव्हता, तो अख्खं पान बोट ठेवून वाचायला लागला, कारण त्यात त्याचा आजा होता. मुलींना आज्या सापडेनात. त्या सुना होऊन आलेल्या, त्यांची नावं माहेरच्या शाळेत, नाहीतर कुठल्याच शाळेत नाहीत. ते मी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ढकललं.

रजिस्टर म्हणजे कार्यालयीन दप्तर. मुख्याध्यापकांची परवानगी मी घेतली होती. जातीच्या रकान्यावर कागदाच्या पट्ट्या ठेवून मग झेरॉक्स काढली. केवढा अभिमान होता मला त्या पट्ट्यांचा! शेवटून दुसरा रकाना 'शाळा सोडण्याचे कारण', तो मी तसाच ठेवला. परगावी. उत्तीर्ण. सतत गैरहजर. मला वाटलं, हा गावाचा इतिहास आहे.

एका पोराचा आजा गावातला मानाचा माणूस. सप्ताहात वीणा त्याच्या गळ्यात. आपण चौथी पास, वर्गात पहिला, असं त्यानं नातवाला सांगितलेलं. नातवानं फलकासमोर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं: इयत्ता तिसरी, जानेवारी १९७३, सतत गैरहजर. पोरं हसली. दुपारच्या खिचडीपर्यंत आज्याला नाव पडलं, 'गैरहजर आजा'. मी ऐकलं आणि पोरांना दामटलं. पण दामटायच्या आधी माझेही ओठ हलले होते. हे एवढं वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

तिसऱ्या दिवशी आबा शाळेत आले. मला वाटलं, कौतुकानं बघायला आले. मी खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत. फलकापुढं गेले, चष्मा लावला, आपली ओळ हुडकली आणि बोट कारणाच्या रकान्यापर्यंत सावकाश नेलं. पोथी वाचणारा माणूस, वाचता येत होतंच.

"गैरहजर न्हवतो मी, बाई," ते म्हणाले. "हितंच व्हतो. तळ्यावर."

गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. दर वर्षी आम्ही पोरांना वनभोजनाला तिथंच न्यायचो. बहात्तरच्या दुष्काळात कामं निघाली, त्यातलं ते तळं, एवढं मला माहीत होतं. परिसर अभ्यासात शिकवलंही होतं.

"आय-बा माती टाकायला. धाकटी भण माज्यापाशी. तिला झोळीत घालून बाबळीखाली बसायचो. दुपारी सुकडी मिळायची. गुरुजी एकडाव तिथवर आल्यालं, बघून गेलं. त्यास्नी ठावं व्हतं."

मी गप्प. मग माझ्यातली ती फोटोवाली बाई जागी झाली. मी म्हटलं, "आबा, हे तुम्ही पोरांना सांगा ना. आपण लिहून काढू आणि इथंच शेजारी लावू."

माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं ती मला शब्दांत धरता येत नाही. रागाची नव्हती, एवढं नक्की.

"भितीला लावायचं न्हाय त्ये," ते म्हणाले. "आन् ह्ये बी काडा."

मी हलायच्या आत त्यांनी स्वतःच काढायला सुरुवात केली. कागदाचे चार काटे एकेक करून उपसले आणि माझ्या तळहातावर ठेवले, कुणा पोराच्या पायात जाऊ नयेत म्हणून. झेरॉक्सची घडी घालून पैरणीच्या खिशात टाकली. दारात टोपी नीट केली आणि गेले.

नातू आठ दिवस शाळेला आला नाही. हजेरीवर त्याचे आठ खाडे मीच मांडले. नवव्या दिवशी आला. मी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी सगळे कागद उतरवले. आणि इथं मला माझ्याशीच भांडायचंय. कारण आणखी एक म्हातारबा होते, ते आपलं नाव बघायला तीनदा येऊन गेले होते. दुसऱ्या खेपेला पेढे घेऊन आले होते. जन्मात पहिल्यांदा भिंतीवर त्यांचं नाव लागलं होतं, म्हणाले. त्यांचाही कागद मी काढला. ते चौथ्यांदा आले तेव्हा भिंत मोकळी. मी सांगितलं, "रंग द्यायचाय." रंग काही दिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली.

माझी एक सहकारी आहे, स्पष्ट बोलणारी. तिचं म्हणणं, "एकाला लागलं म्हणून भिंत कोरी ठेवायची हे नाटक आहे. तो एक रकाना झाकला असतास तर काम झालं असतं." मी म्हणते, झाकला असता तरी पोरानं इयत्ता वाचलीच असती. ती म्हणते, इयत्ताही झाकायची. मी म्हणते, मग उरतं काय? ती म्हणते, नाव. यावर माझ्याकडे उत्तर नाही. दोन दिवस मला तिचं पटतं, तिसऱ्या दिवशी तो तळहातावरचा काट्यांचा भार आठवतो.

आणि मी अगदी तत्त्वाची आहे असंही समजू नका. २०२४ च्या सुरुवातीला 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान आलं. इकडे कराडच्या बाजूला माझं पहिलंच वर्ष, शाळेचे गुण माझ्या एका भिंतीपायी जायला नकोत म्हणून गुण देणारी समिती यायच्या आदल्या रात्री जागून मागच्या भिंतीवर जलचक्र लावलं. निळ्या साडीचे ढग, चांगलं दिसत होतं. समिती गेल्यावर उतरवलं. पोरांनी विचारलं, "बाई, पाऊस का काढला?" त्यांनाही मी म्हणाले, "असंच."

लोक विचारतात तेव्हा राग येतो तो याचा, की प्रत्येकाला वाटतं मला काहीतरी सुचत नाहीये. सुचण्याची अडचण मला कधीच नव्हती. आजही बसल्या जागी दहा फलक सांगेन. पावसाचा तक्ता पोरांच्या हातानं भरलेला, गावातल्या दुकानांच्या पाट्या, पिशव्यांवरची अक्षरं कापून केलेली बाराखडी. बाजूच्या तिन्ही भिंतींवर हे सगळं आहे, येऊन बघा, चिमटे काढून पोरं आपापला कागद रोज बदलतात. मागच्या भिंतीला मला माणसं लावायची होती. माणसं कशी लावायची ते मला येत नाही.

या जूनमध्ये ब्राउन पेपरचा एक गुंडाळा आणलाय. सात नोव्हेंबरसाठी म्हणून आणला, मग म्हटलं बघू. कपाटामागं उभा आहे. मधल्या सुट्टीत दुसरीतली पोरं त्याचा भाला करतात, एक टोक पार फाटलंय.