नऊ नंबरचे जोड आणि काकाचं देणं

मंगळवार पेठेत आमच्या माडीवर मी संध्याकाळी नववीच्या पोरांचं गणित घेते. गेल्या गुरुवारी बहुपदींची वजाबाकी होती. फळ्यावर लिहिलं:

(५क्ष² − २क्ष + ७) − (३क्ष² − ६क्ष + ४)

११ पैकी ७ वह्यांत उत्तर एकच: २क्ष² − ८क्ष + ११. पहिल्या पदाचं चिन्ह बदललेलं, पुढची दोन पदं जशीच्या तशी.

मी नववीत असताना हेच करत होते. तेव्हा सांगितलं जायचं, "कंसामागं वजा असला की आतली सगळी चिन्हं बदलायची." का बदलायची, ते कुणी सांगितलं नाही. मी पाठ केलं, मार्कही मिळवले, पण पुढं कित्येक वर्षं ती पायरी आली की हात अडखळायचा. म्हणून हा धडा मी घाईनं पुढं ढकलत नाही.

वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं चप्पल लाईनला दुकान आहे. बेरजेच्या वेळी तिनं ३क्ष² + ४क्ष² = ७क्ष⁴ लिहिलं होतं. मी विचारलं, "नऊ नंबरचे तीन जोड आणि नऊ नंबरचेच चार जोड, मिळून काय?" ती म्हणाली, "सात जोड." "कितव्या नंबरचे? अठरा?" ती हसली आणि स्वतःच खोडलं. नऊ आणि आठ नंबर एका खोक्यात भरत नाहीत, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. सजातीय पदं म्हणजे तेवढंच: नंबर तोच राहतो, जोड मोजायचे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या 'बीजगणित' ग्रंथात हाच नियम सांगितलाय. त्यांच्याकडं अव्यक्तांना, म्हणजे क्षसारख्या अज्ञात संख्यांना, यावत्तावत्, काळा, निळा, पिवळा अशी नावं. बेरीज-वजाबाकी समान जातीचीच, वेगळ्या जाती वेगळ्या मांडायच्या. आपला 'सजातीय' शब्द त्याच वळणाचा.

वजाबाकीला मात्र तीच अडली. "मी तर सगळं वजाच केलो की ओ बाई!"

मग तिच्याच दुकानाची वही काढली, म्हणजे फळ्यावर. नऊ नंबर म्हणजे क्ष², आठ म्हणजे क्ष, सात म्हणजे नुसती संख्या. समज, तुमचा आणि काकाचा माल चुकून एकाच पानावर मांडलाय. नऊ नंबरचे पाच जोड शिल्लक. आठ नंबरचे दोन जोड देणं, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेतलेत पण माल द्यायचाय. सात नंबरचे सात जोड शिल्लक. आता यातून काकाचा हिशेब बाजूला काढायचा. काकाचे नऊचे तीन, सातचे चार, आणि आठ नंबरचे सहा जोड देणं.

"काकाचं देणं तुमच्या पानावरून गेलं, तर आठ नंबरचं काय झालं?"

ती बराच वेळ गप्प होती. शेजारचा मुलगा "वजा आठ" म्हणाला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. मग म्हणाली, "देणं दोनच दिसतंय, त्यात काकाचंच सहा. म्हणजे आमच्याकडं चार जोड हायत. अधिक चार!"

२क्ष² + ४क्ष + ३. उलटा ताळाही तिनंच केला: आमचे चार, काकाचे उणे सहा, मिळून उणे दोन, पान जुळलं. मला फार बरं वाटलं. वजा संख्येला आपल्याकडं 'ऋण' म्हणतात, आणि ६२८ साली गणिती ब्रह्मगुप्तानं धन आणि ऋण याच शब्दांत नियम मांडले. शून्यातून ऋण वजा केलं तर धन, हे त्यातच आहे. शब्द समोर असतो, आपण तो नुसता चिन्हासारखा वाचतो.

आता एक पद्धत पक्की केली. वजा करायची बहुपदी आधी चिन्हं बदलून खाली लिहायची, कोटीप्रमाणं, म्हणजे क्ष च्या घातांकाप्रमाणं, पदांखाली पदं, आणि मग सरळ बेरीज. एखाद्या घाताचं पद नसेल तर तिथं ० मांडायचं. जागा मोकळी सोडली की पोरं क्ष खाली क्ष² लिहून मोकळी होतात.

सोमवारपासून गुणाकार. तिथं घातांक खरोखरच मिळवायचे असतात, आणि तिथं चपलांचे नंबर कामाला येणार नाहीत. कदाचित फरशीच्या लांबी-रुंदीनं जमेल. रविवारी चौकटीची वही घेऊन बसणार आहे.