गारांनी ठोकलेली पिकअप आणि पॉलिसीतलं 'आयएमटी २३'

२६ नोव्हेंबर २०२३ चा गारपिटीचा रविवार आमच्या निफाडकडचं कुणी विसरणार नाही. बागेचं काय झालं ते रडगाणं वेगळं, इथं फक्त गाड्यांचं सांगतो. दादाची कार आणि माझी पिकअप, दोन्ही शेडच्या बाहेर. कारचा क्लेम आठ-दहा दिवसांत निपटला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पिकअपनं मात्र पार जीव खाल्ला.

केबिनचं छप्पर आणि बॉनेट पोच्यांनी भरलेलं, पुढची काच तडकलेली, एक हेडलाइट फुटलेला. गॅरेजवाल्यानं अंदाज दिला ३४ हजार. मी निवांत, कारण पॉलिसी फुल, फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारी थर्ड पार्टीवाली नाही, आणि त्यात हेलस्टॉर्म, म्हणजे गारपीट, असं स्वच्छ छापलेलं. नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, फोटो काढले, गेला. मग बारा दिवस काही नाही. फोन केला की 'प्रोसेसमध्ये आहे सर'. शेवटी नाशिकला ऑफिसात गेलो तर तिथला माणूस म्हणे तुमचे ६,२०० मंजूर झालेत. म्हटलं फक्त काचेचे? बाकीचं? तर म्हणे तुम्ही आयएमटी २३ घेतलेलं नाही.

हे काय असतं ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, एजंटनंही नाही. तर भानगड अशी, की कमर्शियल गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे त्या फुलवालीतच, दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, साइड पार्ट, बंपर आणि पेंट यांचं नुकसान धरतच नाहीत, गाडी पूर्ण गेली तर गोष्ट वेगळी. ते हवं असेल तर जादा प्रीमियम भरून आयएमटी २३ घ्यायचं, आणि घेतलं तरी त्या भागांचं निम्मं आपल्याच खिशातून. प्रायव्हेट कारला ही भानगड नाही म्हणून दादाचं पटकन झालं. आता गारा पडतात त्या वरून, लागतात बॉनेटला आणि पेंटला, आणि नेमकं तेच बाहेर!

घरी येऊन पॉलिसीची सगळी पानं वाचली, चष्मा लावून. वगळलेल्या भागांच्या यादीत छप्पर कुठंच नाही! परत नाशिक. तिथं बाई म्हणाल्या छप्पर साइड पार्टमध्येच येतं. म्हटलं मॅडम, छप्पर साइडला असतं का? त्या हसल्या, पण फाइल हलली नाही. तिसऱ्या खेपेला म्हणे परमिटची कॉपी आणा, आता तीन टनांच्या आतल्या गाडीला परमिट लागतच नाही हे मी त्यांना समजावायचं. मग लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि खाली लिहिलं की उत्तर नाही आलं तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकतो. नुसतं तोंडी बोलत राहिलो असतो तर अजून खेपाच घालत असतो. नवव्या दिवशी फोन आला, छपराच्या डेंटिंगची मजुरी ५,५०० मंजूर, पेंट नाही. साडेपाच हजारांसाठी डिझेल किती जाळलं ते घरी सांगितलेलं नाही.

हां, एक राहिलंच. गारा वितळायच्या आत गाडीवर पडलेल्या असतानाच फोटो काढा, माझ्याकडं दोनच होते पण 'हे पोचे जुने आहेत' असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. सर्व्हे होईपर्यंत काच बदलू नका, त्या तडकलेल्या काचेतून मी पंधरा दिवस बघत होतो. तलाठ्याच्या पंचनाम्याच्या मागं लागू नका, तो पिकाचा असतो, गाडीचा नाही, मी उगाच दोन दिवस घालवले. आणि कारवाल्यांनो, नुकसान थोडं असेल तर आधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, किती जातोय ते बघा, दादाचा ३५ टक्क्यांचा शून्यावर आला.

यंदा रिन्यू करताना एजंटला पहिलं वाक्य तेच ऐकवलं, आयएमटी २३ टाक. हेडलाइट मी पदरचे पैसे घालून बसवला. बॉनेटचे पोचे अजून तसेच आहेत, पिंपळगावच्या मार्केटात गाडी त्यावरूनच ओळखतात.